मशीनचं बारसं: घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरना, सर्व्हरना नावं कशी ठेवावीत

नवा पीसी पहिल्यांदा चालू केला की विंडोज त्याला आपणहून नाव ठेवते: 'डेस्कटॉप', मग आडवी रेघ, मग सात अक्षर-आकड्यांचा काला. घरात एकच मशीन असेल तर कुणाचंच अडत नाही. पण मुलीचा लॅपटॉप आला, जुन्या पीसीवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) टाकून त्याचा फाइल सर्व्हर केला, कपाटावर रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला कॉम्प्युटर जाऊन बसला, की राउटरच्या पानावर सगळेच सारखे दिसायला लागतात. मग वायफाय कोण खातंय हे शोधायला एकेकाची वायर उपटत बसायचं. ऑफिसात हाच घोळ दहापट.

हौशी लोकांनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे. एक विषय धरायचा आणि त्या विषयातली नावं मशीनना वाटत जायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण नीट केलं तर पुढे वर्षानुवर्षं डोकेदुखी वाचते. नीट म्हणजे कसं, ते क्रमाने बघू.

आधी एक गोष्ट पक्की करा: नाव मशीनचं, कामाचं नाही

'अकाउंट्स-सर्व्हर' असं नाव ठेवलं, की ते पहिल्या दिवशी अगदी बरोबर वाटतं. दोन वर्षांनी अकाउंट्स क्लाउडवर जातं आणि त्याच डब्यात सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठायला लागतं. नाव मात्र तेच राहतं, कारण ते बदलायचं म्हटलं तर पंधरा ठिकाणी हात घालावा लागतो. मग नवीन आलेला मुलगा नावावर विश्वास ठेवतो आणि 'आता अकाउंट्स इथे नाहीच, पुसून टाकू' म्हणतो.

ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी 'आरएफसी ११७८' हे कॉम्प्युटरचं नाव कसं निवडावं यावरचं छोटेखानी टिपण लिहिलं. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांत नोंदले जातात, त्याच मालिकेतलं हे. त्यातला बराचसा सल्ला आजही जसाच्या तसा लागू आहे: मशीनला प्रकल्पाचं नाव देऊ नका, स्वतःचं नाव देऊ नका, लांबलचक नाव नको, चमत्कारिक स्पेलिंग नको, आणि शक्यतो एखादी थीम धरा.

स्वतःचं नाव का नको, हे मराठी ऑफिसात लगेच कळतं. 'जोशी-पीसी' हे मशीन जोशी सोडून गेले की कुलकर्णी मॅडमकडे जातं. मग 'कुलकर्णी मॅडम, तुम्ही जोशींवरून प्रिंट देताय का?' असे संवाद सुरू होतात. तिसरा माणूस आला की कुणालाच काही कळेनासं होतं.

पुण्यातल्या मोठ्या मशीननी काय केलंय

थीमने नाव ठेवणं हे कॉलेजच्या पोरांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला पाषाण आणि विद्यापीठाच्या परिसराकडे बोट दाखवा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला आणि पुढे 'परम' हे आडनावच झालं: परम पद्म, परम युवा, आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म, २०२४ मध्ये आलेला परम रुद्र. आडनाव कायम, पहिलं नाव नवं. कुठल्याही शहरात बसवला तरी घराणं कळतं.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची वाट वेगळी. तिथल्या महासंगणकांत आधी आदित्य, मग २०१८ मध्ये प्रत्यूष, त्यानंतर अर्क. प्रत्यूषचा जोडीदार नोएडाच्या केंद्रात बसला, त्याचं नाव मिहिर. अर्कचा तिथला जोडीदार अरुणिका. सगळी नावं सूर्याभोवती फिरणारी. हवामानाचं गणित करणाऱ्या यंत्रांना हे शोभतंही, आणि नावं संपायची भीती नाही. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला मित्र, रवी, सूर्य, भानू, खग अशी बारा नावं ओळीने पाठ असतात, त्यातली आदित्य आणि अर्क ही दोन.

या दोन पद्धतींत मला दुसरी जास्त आवडते, पण घरी किंवा लहान ऑफिसात पहिलीचा मोठा फायदा आहे: कुणी बाहेरचा आला तरी 'परम काहीतरी' हे आपलंच मशीन, एवढं त्याला लगेच समजतं. दोन्हींचं मिश्रणही चालतं. ते पुढे येईलच.

पायरी १: मोजा, आणि मग दुप्पट धरा

ज्याला नेटवर्कवर पत्ता मिळतो ते सगळं मोजा. लॅपटॉप, डेस्कटॉप, नॅस (सगळ्यांच्या फाइली साठवणारा नेटवर्कवरचा डबा), राउटर, प्रिंटर, टीव्हीमागचा छोटा डबा, रास्पबेरी पाय, आणि सर्व्हरच्या पोटात चालणारी व्हर्च्युअल मशीन. शेवटची लोक हमखास विसरतात, आणि वाढतात तीच सगळ्यात जास्त. आलेल्या आकड्याच्या दुप्पट नावं थीममध्ये असली पाहिजेत, कारण मशीन मरतात, नवी येतात, आणि मेलेल्याचं नाव लगेच वापरायचं नसतं.

म्हणून पाच पांडव ही थीम वाईट. सहावा कॉम्प्युटर आला की 'कर्ण' म्हणून वेळ मारून नेता येते, सातव्याला काय करणार? ग्रह आठ, मराठी महिने बारा, नक्षत्रं सत्तावीस. रागांची नावं शेकड्यांनी, झाडांची त्याहून जास्त. आणि किल्ले तर महाराष्ट्रात जन्मभर पुरतील एवढे.

पायरी २: विषय निवडा

पुण्यात विषयांची वानवा नाही, पण प्रत्येकात एक खोच आहे.

*पेठा.* पहिल्यांदा सुचणारी थीम, आणि माझ्या मते पहिल्यांदा खोडायची. निम्म्या पेठा वारांच्या नावाच्या. 'शुक्रवारचा बॅकअप शनिवारवर घेतला का?' या वाक्याचे चार अर्थ होतात आणि चारही बॅकअपच्या वेळापत्रकात बसतात. वारांच्या पेठा वगळून सदाशिव, नारायण, कसबा, रास्ता, नाना, भवानी, गंज एवढ्यांवर भागत असेल तर खुशाल घ्या.

*नद्या.* मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा, नीरा, कऱ्हा, कुकडी, घोड, मीना. यादी देखणी आहे. पण मुळा आणि मुठा ही जोडी एका नेटवर्कवर ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. फोनवर रात्री उशिरा 'मुठा फॉरमॅट कर' असं कुणी सांगितलं आणि समोरच्याने 'मुळा' ऐकलं, तर खेळ खलास. दोघींपैकी एकच घ्या.

*धरणं.* साठवणुकीच्या मशीनना, म्हणजे नॅसना, धरणांची नावं फार चपखल बसतात: खडकवासला, वरसगाव, टेमघर, भाटघर, पवना, चासकमान. पानशेत मात्र सोडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काय झालं हे ज्यांच्या घरात सांगितलं जातं, ते तुमच्या 'पानशेत' नावाच्या बॅकअप सर्व्हरवर एक फाइल ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

*खाणं.* मिसळ, बाकरवडी, मस्तानी, थालीपीठ. घरच्या लॅबला झकास. ऑफिसात मात्र क्लायंटला पाठवलेल्या एरर मेसेजमध्ये 'थालीपीठशी संपर्क होऊ शकत नाही' असं गेलं की समजावत बसावं लागतं.

*राग.* गाणं ऐकणाऱ्या घरात यासारखी थीम नाही. यमन, भूप, देस, मारवा, केदार, खमाज, तोडी, सारंग: नावं लहान, उच्चार सुटसुटीत. फक्त रात्रीच्या बॅकअपवाल्याला मालकंस आणि सकाळच्या रिपोर्टवाल्याला भैरव असं प्रहर बघून वाटप करायचा मोह आवरा. ते परत कामावरून नाव ठेवणंच झालं.

*देव, संत, महाराज, आजोबा.* नको. कारण भक्तीचं नाही, व्याकरणाचं आहे. मशीनबद्दल रोज कोणती वाक्यं बोलली जातात ती आठवा: 'तो बंद पडलाय', 'त्याला मारून परत चालू कर', 'तो पुसून टाक', 'तो भंगारात द्यायचाय'. या चार वाक्यांत 'तो'च्या जागी तुमचं नाव घालून मोठ्याने म्हणा. एकाही वाक्याला जीभ अडखळली तर ते नाव मशीनचं नाही. ही परीक्षा कुठल्याही थीमला लावा. निम्म्या भानगडी तिथेच मिटतात.

*किल्ले.* पुण्यात दर रविवारी अर्धं शहर कुठल्या ना कुठल्या गडावर असतं, त्यामुळे ही थीम कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय किल्ल्यांना आतले भाग असतात, जोड्या असतात, आणि त्याचा उपयोग होतो. पुढचा सगळा नमुना मी किल्ल्यांवरच बेतला आहे.

पायरी ३: चाळणी

विषय ठरला की वीस-तीस नावं कागदावर लिहा आणि एकेक चाळणीतून काढा. इथे घाई करू नका. खरं काम हेच आहे.

पहिली चाळणी स्पेलिंगची. नेटवर्कवर नाव रोमन अक्षरांतच टाकायचं असतं, आणि मराठी नाव रोमनमध्ये लिहायच्या पद्धती माणसागणिक बदलतात. सिंहगडात 'एच'नंतर 'ए' आहे की नाही? रस्त्यावरच्या पाट्यांवर दोन्ही सापडतात. पुरंदरचा 'द' नुसत्या 'डी'ने की 'डीएच'ने? शनिवारात 'व्ही' की 'डब्ल्यू'? जीवधनात 'आय' की दोन 'ई'? ज्या नावाची दोन स्पेलिंगं तुम्हाला स्वतःला सुचतात, ते शक्य असेल तर सोडा. तुंग आणि तिकोना या बाबतीत सोन्यासारखी नावं आहेत. पाच जणांना फोनवर लिहायला सांगितलं तरी पाचही एकच लिहितात. आवडतं नाव सोडवत नसेल तर एक स्पेलिंग ठरवा, नोंदवहीत घाला, आणि वाद तिथे संपवा.

दुसरी चाळणी लांबीची. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत, एका नावाला ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, लिनक्सला ६४ चालतात, पण विंडोजचं जुनं नेटबायोस नाव १५ अक्षरांवर कापलं जातं. ('डेस्कटॉप', रेघ आणि सात अक्षरं मिळून बरोबर १५ होतात, तो योगायोग नाही.) 'विश्रामबागवाडा' हे नाव बागेत 'ए-यू' घालून लिहिलं तर रोमनमध्ये नेमकं १५ भरतं. त्याला जोडीदार म्हणून पुढे २ लावलात, की तो २ कापला जातो आणि नेटवर्कवर एकाच नावाची दोन मशीन भांडायला लागतात. आठ-नऊ अक्षरांच्या आत राहा. रोज टाइप तुम्हालाच करायचंय.

तिसरी चाळणी चिन्हांची. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको, खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर तर अजिबात नको. डॉकर (प्रोग्राम सुट्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आपल्या कंटेनरना आपोआप नावं देतो ती विशेषण, अंडरस्कोर आणि शास्त्रज्ञाचं आडनाव अशी असतात. ती कंटेनरची नावं म्हणून ठीक, पण होस्टनेम, म्हणजे मशीनचं नेटवर्कवरचं नाव, म्हणून नियमात बसत नाहीत. (त्या यादीत रामानुजन, भाभा आहेत. आणि ॲपलच्या सहसंस्थापकावरून 'कंटाळवाणा वॉझ्नियाक' अशी जोडी आली तर ती फेकून दुसरी काढायची अशी ओळ कोडमध्ये मुद्दाम घातलेली आहे.) लहान-मोठ्या लिपीचा फरक डीएनएस मानत नाही, म्हणून सगळं लहान लिपीतच लिहायची सवय लावा.

चौथी चाळणी कानाची आणि डोळ्याची. राजगड आणि रायगड ही जोडी बघा. दोन्ही नावं कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडावर, दोन्ही थीमच्या मानकरी. पण रोमनमध्ये एका अक्षराचाच फरक, 'जे' आणि 'आय', आणि टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, बारीक फाँटमध्ये डोळे चोळूनही तो पटकन दिसत नाही.

'दादा, राजगडवरची जुनी फोल्डरं उडवू ना?'

'हो, उडव रे.'

आता दादांनी राजगड ऐकलं की रायगड, हे उडवून झाल्यावर कळणार. यादीत एक घेतला की दुसरा कायमचा खोडा.

कानाच्या चाळणीत आणखी एक बारकावा आहे, तो खास आपल्याकडचा. आपण नावाला विभक्ती लावून बोलतो. 'तोरण्यावर लॉगिन कर', 'मुठेवर जागा संपली', 'पवनेतून फाइल काढ'. आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण हिंजवडीच्या ऑफिसात शेजारी बसलेली हैदराबादची मुलगी 'तोरण्या' ऐकते आणि तेच टाइप करते. टीममध्ये अमराठी लोक असतील तर सामान्यरूपात फारशी न बदलणारी नावं धरा. तुंगवर, कोरीगडवर, हडसरवर: मूळ नाव शाबूत राहतं.

पाचवी चाळणी: रोजच्या बोलण्यात आधीच अडकलेलं नाव नको. शिवनेरी म्हटलं की पुण्यात पहिली आठवते ती मुंबईची एसटी. 'शिवनेरी किती वाजता येणार?' हा प्रश्न सर्व्हरबद्दल आहे की बसबद्दल, कळत नाही. सिंहगड तर रस्ता, एक्स्प्रेस, कॉलेज आणि पिठलं-भाकरी एवढ्या ठिकाणी वापरात आहे. सगळ्यांचा लाडका गड, आणि म्हणूनच नाव म्हणून निरुपयोगी. रोहिडा, घनगड, चावंड, मल्हारगड असे कमी गर्दीचे गड घ्या.

नेटवर्कवर ज्यांना आधीच अर्थ आहे ती नावंही टाळा: लोकलहोस्ट, मेल, टेस्ट, राउटर. 'डब्ल्यूपॅड' नाव तर चुकूनही नको, कारण ब्राउझर आणि विंडोज त्या नावाच्या मशीनकडे प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणाऱ्या सर्व्हरची, माहिती मागायला जातात.

पायरी ४: वाटप

समजा कर्वे रोडवर एका आर्किटेक्टचं ऑफिस आहे. ड्रॉइंगची आठ मशीन, एक सर्व्हर, दोन नॅस, एक प्लॉटर, एक राउटर.

ड्रॉइंगच्या मशीनना सुटे गड: तुंग, तिकोना, कोरीगड, घनगड, हडसर, चावंड, रोहिडा, विसापूर. कुणाला कुठला द्यायचा हे त्या माणसांनाच ठरवू द्या. ज्याने घनगडाची शिडी चढली आहे तो हट्टाने घनगडच मागतो आणि पुढे मशीनची काळजीही जास्त घेतो.

सर्व्हरला राजगड. त्याच्यावर तीन व्हर्च्युअल मशीन चालतात, त्यांना राजगडाच्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. आता सुवेळा बंद पडली तर ती कुठल्या लोखंडी डब्यात आहे हे वेगळं शोधावं लागत नाही. चौथी लागली तर बालेकिल्ला आहेच. दुसरा सर्व्हर आला तर त्याला राजमाची, आणि आत श्रीवर्धन व मनरंजन हे तिचे दोन बालेकिल्ले. कामावरून नाव न ठेवताही नातं दाखवता येतं ते असं.

दोन नॅसना जोडीचे गड: पुरंदर आणि वज्रगड. एकावर मूळ फाइली, दुसऱ्यावर त्यांची प्रत. इथे इतिहासाने एक इशारा देऊन ठेवला आहे. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा लावल्या. दोन्ही नॅस एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतील तर तुमचंही तेच होईल. तिसरी प्रत ऑफिसबाहेर हवीच, मग तिला नाव काहीही ठेवा.

राउटर, प्लॉटर, प्रिंटरला थीममध्ये ओढायची गरज नाही. प्रिंटर हा प्रिंटरच राहतो, त्याचं काम बदलत नाही. तिथे 'प्लॉटर-तळमजला' हेच उत्तम.

पायरी ५: कामासाठी टोपणनावं

आता कुणीतरी विचारणारच: 'मग अकाउंट्सवाल्यांनी सुवेळा पाठ करायची का?' नाही. त्यांच्यासाठी डीएनएसमध्ये टोपणनाव ठेवायचं, त्याला 'सीनेम' म्हणतात. सिंहगड आणि कोंढाणा एकच, तोरणा आणि प्रचंडगड एकच, तसं 'टॅली' हे सुवेळाचंच दुसरं नाव. लोक 'टॅली' वापरतात. उद्या टॅली संजीवनीवर हलवलं की फक्त टोपणनाव तिकडे वळवायचं. एकाही माणसाला काही बदलावं लागत नाही. नाव मशीनचं आणि टोपणनाव कामाचं, असे दोन थर ठेवले की सगळी पद्धत उभी राहते. एवढं एक केलंत तर बाकीच्या पायऱ्यांत थोडं इकडेतिकडे झालेलं चालेल.

हे करायला राउटरमध्ये किंवा एखाद्या छोट्या मशीनवर लोकल डीएनएस हवा. घरी जाहिराती अडवायला पाय-होल लावला असेल तर त्यात लोकल डीएनएसची सोय असतेच.

नावामागे लावायचं डोमेन, म्हणजे ठिपक्यानंतरचा भाग, तोही आत्ताच ठरवा. स्वतःचं विकत घेतलेलं डोमेन असेल तर त्याचाच एक उपविभाग वापरणं सगळ्यात चांगलं. नसेल तर घरासाठी 'होम डॉट आर्पा' २०१८ पासून राखून ठेवलेलं आहे, आणि खासगी नेटवर्कसाठी 'डॉट इंटर्नल' इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये मोकळं ठेवलं. 'डॉट लोकल' मात्र हाताने वापरू नका. मशीन ज्या पद्धतीने आपापसात एकमेकांना शोधतात, त्या एमडीएनएससाठी ते राखीव आहे. मनाने 'डॉट डेव्ह' वगैरे लावू नका. खूप जणांनी लावलं होतं, आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोमने त्या नावाच्या प्रत्येक पत्त्याला सक्तीने एचटीटीपीएस (कुलूपबंद, सुरक्षित जोडणी) लावल्यावर त्यांच्या लोकल साइट एका रात्रीत उघडेनाशा झाल्या.

पायरी ६: नाव प्रत्यक्ष चढवा

विंडोज ११: सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट, तिथे 'रिनेम धिस पीसी'. रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही.

मॅक: सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथे नाव. नेटवर्कवरचं नाव वेगळं असतं, ते जनरलमधल्या शेअरिंगच्या पानावर तपासा. एकाच नावाची दोन यंत्रं असली तर मॅक आपणहून पुढे '-२' लावून मोकळा होतो. नेटवर्कवर अचानक 'तुंग-२' दिसला तर कुठेतरी दुसरा तुंग आहे.

लिनक्स: 'होस्टनेमसीटीएल' ही आज्ञा. ती चालवल्यावर 'ईटीसी'मधली 'होस्ट्स' फाइल उघडा आणि १२७.०.१.१ च्या ओळीत जुनं नाव असेल तर तेही बदला. नाही बदललं तर सुडो (ॲडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) दर वेळी 'होस्ट सापडत नाही' अशी कुरकुर करतो. याच आज्ञेत 'प्रिटी' नाव म्हणून एक वेगळी जागा आहे आणि तिथे युनिकोड चालतं. म्हणजे होस्टनेम रोमनमध्ये 'तुंग', आणि माणसांसाठीचं नाव देवनागरीत 'किल्ले तुंग' असं ठेवता येतं.

शेवटी राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राखून ठेवा, म्हणजे नाव आणि पत्ता यांची फारकत होणार नाही.

फोनचं नावही याच वेळी बदला. आयफोन आपल्या मालकाच्या नावाने मिरवायला उत्सुक असतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत हॉटस्पॉट चालू केला की आजूबाजूच्या टेबलांना मालकाचं नाव फुकट कळतं.

पायरी ७: नोंदवही आणि स्टिकर

एक साधी शीट पुरते. रकाने: नाव (ठरलेल्या स्पेलिंगसह), देवनागरीत नाव, सिरियल नंबर, आयपी, कुठे ठेवलंय, कधी घेतलं, सध्याची टोपणनावं, आणि अवस्था. खाली न वापरलेल्या नावांची यादी तयार ठेवा. नवं मशीन आलं की त्यातलं वरचं नाव घ्यायचं. ही यादी नसेल तर दर वेळी चहाच्या टपरीवर अर्धा तास चर्चा होते, आणि शेवटी 'टेस्ट२' हे नाव लागतं.

या शीटची एक प्रत कागदावर छापून सर्व्हरच्या खोलीत लावा. ज्या दिवशी तिची खरी गरज पडते, त्या दिवशी शीट ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद असतो.

स्टिकर पुढे आणि मागे, दोन्हीकडे. मागचा जास्त महत्त्वाचा, कारण वायरी मागे असतात.

थीम कुठे लावू नये

क्लाउडवर गर्दी वाढली की आपोआप जन्मणारी आणि रात्री आपोआप मरणारी मशीन असतील, तर त्यांना गडांची नावं देऊन कुणाचंच भलं होत नाही. त्यांना यंत्राने दिलेलं आकड्यांचं नाव असू द्या. पन्नाशीच्या पुढे मशीन गेली, किंवा देखभाल बाहेरच्या कंपनीकडे दिली, तरी साचेबद्ध नाव बरं पडतं: शहर, काम, क्रमांक. शहरासाठी विमानतळाचा 'पीएनक्यू' हा कोड घ्या. तीन अक्षरांत पुणं उरकतं. क्रमांक ०१ पासून सुरू करा, नुसत्या १ पासून नको. नाहीतर यादीत १ नंतर १० येतो आणि २ खाली जातो. इथे नावात काम आलं तरी चालतं, कारण अशा ठिकाणी काम बदललं की जुन्या मशीनमध्ये फेरफार करत बसत नाहीत, ती पाडून नवीन उभी करतात.

बाहेरून दिसणाऱ्या मशीनबाबत मात्र थीम जास्त सुरक्षित. एखाद्या नावाचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट काढलं की ते नाव सार्वजनिक नोंदींत जातं आणि कुणालाही शोधता येतं. 'पगार-डेटाबेस' असं नाव तिथे दिसलं तर चोराला पत्ता विचारावा लागत नाही. 'हडसर'वरून त्याला काहीच कळत नाही. आतल्या मशीनची नावं मुळातच बाहेर जायला नको असतील तर एकाच डोमेनचं सरसकट, म्हणजे वाइल्डकार्ड सर्टिफिकेट काढा.

पायरी ८: नाव बदलणं आणि निवृत्ती

चालू सर्व्हरचं नाव बदलायची वेळ आली तर आधी शोधा की ते कुठे कुठे लिहिलेलं आहे: शेअर फोल्डरचे पाथ, मॅप केलेले ड्राइव्ह, बॅकअपची कामं, मॉनिटरिंग, सर्टिफिकेट, प्रिंटरची सेटिंग्ज, एक्सेलमधल्या लिंक. एक्सेल सगळ्यात शेवटी सापडतं आणि सगळ्यात जास्त ओरडतं. नवं नाव चढवल्यावर जुनं नाव टोपणनाव म्हणून काही महिने चालू ठेवा.

मशीन मेलं तर त्याचं नाव निदान वर्षभर कुणाला देऊ नका. जुन्या बॅकअपच्या फोल्डरवर तेच नाव असतं, मॉनिटरिंगच्या आलेखात दोन वेगळ्या मशीनचा इतिहास एकमेकांत मिसळतो, आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) 'या मशीनची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा देतो. तो इशारा खऱ्या घुसखोरीचाही असू शकतो. लोकांना तो न वाचता बाजूला सारून पुढे जायची सवय लागली की तो असून नसल्यासारखा होतो.

नोंदवहीत त्या ओळीपुढे 'निवृत्त' लिहा आणि तारीख घाला. टोपणनावं दुसरीकडे वळली आहेत ना, ते बघा. डिस्क पुसा. मग पुढचा आणि मागचा, दोन्ही स्टिकर खरवडून काढा. जुन्या बाजारात तुमच्या ऑफिसचं नाव, आयपी आणि 'वज्रगड' अशा पट्टीसह विकायला मांडलेला डबा पुढच्या रविवारी कुणीतरी ओळखीचाच विकत घेतो.